मारोतीपुढचे पाच गट्टू

पिंकी साडेसात महिन्यांची जन्मली. तिचं सगळं उशिरा होईल, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मी ते मनात धरून बसले होते. माझ्या सासूबाई, मैनाबाई, यांनी मात्र ते कानाआडच केलं. विसावा महिना लागला तरी पोर भिंत धरून उभी राहायची आणि धपकन बसायची. शेजारच्या इंदूबाई काही विचारायच्या आतच सासूबाई म्हणायच्या, "चालंन. घाई काय हाय तिले? अचलपूरची बस पकडाची हाय का?"

पण मारोतीला त्यांनी नवस बोलून टाकला होता. पिंकी चालली की माळीतलावाच्या काठी, त्याच्या समोर, पाच पायल्या कणकेचे रोडगे.

शिवम, माझा नवरा, बडनेऱ्याला रेल्वेत आहे. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. एरवी घरात आम्ही तिघीच. दुपारी चारला माझी कामं आटपली की पिंकीला कडेवर घेऊन मी तलावावर जायचे. म्हणजे नगरपालिकेनं काठ बांधल्यापासून जायला लागले. त्याआधी नवसाशिवाय कोण जाणार होतं तिथं! बेशरमाची झुडपं, फुटक्या बाटल्या, म्हशी धुतलेला चिखल. मी सून म्हणून या गावात आले तेव्हा मला वाटलं होतं, तलाव म्हणजे गावानं पाठ फिरवलेली जागा.

आणि आता? आता अर्ध्या तलावाला वळसा घालणारी लाल-करडी वाट आहे, गट्टूंची म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची, एका पातळीत, पाणी साचत नाही अशी. बसायला बाकं आहेत, आणि बाकांना पाठ आहे. (हे लहान बाळ पाजणाऱ्या बाईला विचारा.) पायऱ्यांच्या शेजारी उतार केलाय, त्यावरून जानराव मास्तरांच्या बायकोची चाकाची खुर्ची थेट पाण्यापर्यंत येते. दिवे असे लावलेत की उजेड वाटेवर पडतो, डोळ्यांत नाही. आणि पाण्याच्या बाजूला कठडा आहे. त्याला दोन आडवे पाइप. वरचा माझ्या कमरेला लागतो, खालचा पिंकीच्या छातीला.

त्या खालच्या पाइपनं काम केलं. पहिल्या दिवशी तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि पाण्यातल्या बगळ्याकडं बघत राहिली. बगळा दोन पावलं सरकला, तशी तीही सरकली. रोज थोडं थोडं. महिनाभरानं ती दोन खांबांमधलं अंतर पाइप धरून जायला लागली. मग एका हातानं. आणि संक्रांतीनंतरच्या मंगळवारी बगळा उडाला, तेव्हा त्याच्याकडं दोन्ही हात करायच्या नादात तिनं पाइप सोडला आणि सात पावलं चालली. मी मोजली. आठव्याला बसली आणि टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठीच.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि थेट गोवऱ्यांच्या ढिगाकडं गेल्या.

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांना सांगते. जाड कणकेचे पदर घालून गोळे करायचे, गोवऱ्या पेटवून त्यांचा निखारा पसरायचा, त्याला जगरा म्हणतात, आणि त्यात ते गोळे भाजायचे. फडक्यानं राख झटकायची, फोडून तूप, वर वांग्याची भाजी. हे घरच्या गॅसवर होत नाही आणि नवसाचं तर घरी करायचंच नसतं. जिथं बोललात तिथंच, देवाच्या नजरेसमोर. आमच्या गावचे नवसाचे जगरे वर्षानुवर्षं त्याच मारोतीपुढं लागले.

आता तिथं गट्टू होते. आणि एक पाटी: इथे विस्तव पेटवू नये.

"आई, पाटी आहे," मी म्हटलं.

"वाचली म्या. ते भटारखान्यावाल्यांसाठी हाय. लग्नाच्या चुली मांडतात ना लोकं, त्यांच्यासाठी."

"पण विस्तव तो विस्तवच."

"हे पाय रागिणी, गोवरीची आच मऊ राह्यते. लाकडासारखी नाई. खाली घमेलंभर माती टाकू. आधी देवाचे पाच रोडगे करून घेऊ, मंग पंगतीचं पाहू."

मला पटलं, हे मी मान्य करते. मीही वऱ्हाडातलीच, अकोल्याची. गोवरीची आच मऊ असते, हे मीही लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्यातल्या कुणालाही पटलं असतं.

शनिवारी उजाडता उजाडता गेलो. मी पिंकीला घेऊन बाकावर बसले. सासूबाईंनी माती पसरली, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, निखारा झाला तसे पाच गोळे ठेवले. खमंग वास सुटला. मारोतीच्या शेंदरावर कोवळं ऊन आलं. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

मग फट् असा आवाज झाला. पुन्हा एक. गट्टूंच्या पोटात ओल असणार, तापून ते फुटायला लागले. चिपा उडाल्या, निखारा उधळला, रोडगे घरंगळले. पिंकी किंचाळली. मी तिला घेऊन मागं पळाले. सासूबाई घाबरल्या नाहीत. हातातल्या फडक्यानंच आग झोडत राहिल्या, जणू कुणी घरातलं भाजत होतं.

विझल्यावर पाहिलं तर पाच गट्टू तडकून काळे पडले होते.

"हा निवद नाई चालत," त्या म्हणाल्या. "फुटल्या जागेवरचा." रोडगे उचलले, राख भरली, आम्ही घरी आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "जिच्यावर पोर चालली, तीच वाट फोडली म्या."

पुढचे आठ दिवस आम्ही तलावावर गेलो नाही. मी एकटी निघाले तरी सासूबाई म्हणायच्या, उद्या जा. पिंकी दाराशी जाऊन कडी हलवायची. घरातल्या खडबडीत फरशीवर ती चालेना. पुन्हा भिंत धरायला लागली.

मधेच गावाच्या ग्रुपवर जानराव मास्तरांनी काळ्या गट्टूंचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, कोण्या टवाळखोरांचं काम आहे, याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. आणि शुक्रवारी घंटागाडी कचरा घ्यायला आली तीच ओरडत: रविवारी सकाळी दहा वाजता, माळीतलाव, नवीन काठाबद्दल नागरिकांनी आपली मतं मांडावीत.

रविवारी अर्धा मोहल्ला आला होता. नगरपालिकेचे इंजिनिअर प्रीतमसाहेब, तिशीचे, अकोल्याचे, नीमाखाली रजिस्टर घेऊन बसले होते. सासूबाई मागं, बाईमाणसांत. मी त्यांच्या शेजारी, पिंकी मांडीवर.

इंदूबाई सगळ्यांत आधी उठल्या. "साहेब, मी साफ बोलते. पयले इथं नाक धरून यावं लागे. आता माहा नवरा संध्याकाळी घरीच सापडत नाई, इथं येऊन बसते. तरी बी मी म्हणते, चांगलं केलं!"

हशा झाला. पोस्टातला नागसेन म्हणाला, "साहेब, मी रोज पहाटे पाच फेऱ्या मारतो. माझी शुगर उतरली. डॉक्टरनं विचारलं औषध कोणतं, मी म्हटलं नगरपालिका." कुणाला अजून एक नळ हवा होता, कुणाला कचऱ्याचे डबे. बाकी सगळे कौतुकच करत होते, आणि आपल्याकडं अशी गोष्ट खरंच झाली याचं अजूनही थोडं नवल त्यांच्या आवाजात होतं.

मग जानराव मास्तर उठले. "कौतुक झालं. आता बंदोबस्ताचं बोला. मारोतीपुढचे पाच गट्टू कोणी जाळले? आज पाच जाळले, उद्या बाकं उचलून नेतील. माझं म्हणणं, दोन्हीकडं फाटक लावा आन् कुलूप. सकाळी पाच ते आठ खुलं, मग बंद."

"बरोबर हाय," दोनचार जण म्हणाले. हात वर होऊ लागले. प्रीतमसाहेबांनी लिहायला पेन टेकवलं.

पाच ते आठ. त्या वेळी माझा स्वयंपाक, पाणी भरणं, पिंकीची झोप. आठनंतर फाटक बंद म्हणजे आमच्यासाठी तलाव पुन्हा तसाच, पाठ फिरवलेला. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या आधीच उठल्या होत्या.

"मास्तर, हात खाली करा. टवाळखोर मी हावो."

"बसा वो मैनाबाई, मजाक नका करू."

"मजाक नाई. गट्टू म्या जाळले. नातीच्या नवसाचे रोडगे लावले होते. पाटी वाचली होती, तरी लावले. मले वाटलं गोवरीची आच मऊ राह्यते."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा पुटपुटला, "राह्यते मऊ. मले बी तसंच वाटे."

"नवस काहून?" प्रीतमसाहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडं हात केला. मी पिंकीला घेऊन पुढं गेले आणि तिला कठड्यापाशी उभं केलं. एवढी माणसं बघून ती थबकली. मग तिनं खालचा पाइप धरला, आणि हळूच चालायला लागली.

"ही बाविसाव्या महिन्यात चालली, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "ह्या खालच्या पाइपाले धरून. पोरांसाठी लावला, लय पुण्य लागंन तुमाले."

साहेबांचे कान लाल झाले. "खरं सांगू, आजी? तो मी बकऱ्यांसाठी लावला. बकऱ्या खालून घुसून पाण्यात पडतात म्हणून."

आता मात्र सगळा नीम हसला. सासूबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "ज्याच्यासाठी लावला असंन. मले काय शिक्षा करायची ते करा, पण माह्या पायी फाटक नका लावू. हिचं चालणं अजून पक्कं नाई झालं."

मास्तर उभेच होते. ते काही वेळ पिंकीकडं बघत राहिले. ती दुसऱ्या खांबाशी पोचली होती आणि तिथं त्यांच्या बायकोची चाकाची खुर्ची होती. बाईंनी तिच्याकडं बोट पुढं केलं, पिंकीनं पाइप सोडून ते धरलं. मास्तर खाली बसले. "फाटकाचं नका लिहू, साहेब," ते म्हणाले.

"आणि नवस?" साहेबांनी विचारलं. "तो तर राहिलाच."

"राह्यला. बोललो तिथंच फेडावा लागते." सासूबाईंनी मारोतीपुढं बोट केलं. "ते पाच गट्टू तुमी काढणारच हाव. त्या जागी नवे नका बसवू. आजूबाजूचे बी थोडे काढा, जगऱ्यापुरती माती उघडी ठेवा. गावाचे जगरे तिथंच लागतीन, बाकी गट्टूले कोणी हात लावणार नाई."

साहेब टेप घेऊन मारोतीपुढं बसले. "चार बाय चार फूट?"

"पाच पायल्यांले चार बाय चार कशी पुरंन?" इंदूबाई कडाडल्या.

"सहा धरा, साहेब," मास्तर म्हणाले. "आन् चारी बाजूंनी विटांची कड करा, निखारा बाहेर येणार नाही."

"सहा बाय सहा," साहेबांनी लिहिलं. "पण राख तलावात टाकायची नाही. आणि मजूर पंधरा दिवसांनी येतील."

"मारोतीचा शनिवार त सहा दिवसांवर हाय," सासूबाई म्हणाल्या. "मजूर कायले पायजे? पहार कोणाकडं हाय?"

नागसेन पहार घेऊन आला. साहेब आधी नाही-नाही म्हणाले, मग बाह्या वर करून स्वतःच पहिला गट्टू उचकला. खाली बारीक चुरी होती, तिच्याखाली मुरूम, आणि हातभर खाली आमची काळी माती. सासूबाईंनी कमरेला पदर खोचला आणि मास्तरांच्या हातात घमेलं दिलं.

"शनिवारी सकाळी सगळ्यांनी या," काळे पडलेले तुकडे घमेल्यात टाकत त्या म्हणाल्या. "साहेब, तुमी बी. आन् आपापलं ताट आणजा, माह्याकडं एवढे नाईत."