लालबाबांनी हलवलेली बाटली

आम्ही उतरलो होतो त्या लॉजच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यापलीकडे रक्ताच्या आजारांची मोठी संस्था, त्यामुळे हॉलमधले सगळे एकतर पेशंट, नाहीतर पेशंटच्या घरचे. आम्ही पुढच्याच रांगेत, कारण आईने कोपरं मारत जागा पटकावली होती.

लालबाबा आले. लाल शाल, लाल टोपी, चपलासुद्धा लाल.

"रक्त काळं कशानं होतं?" त्यांनी विचारलं. "काळजीनं. रागानं. जाऊबाईनं."

लोक हसले. माणूस बोलायला गोड होता, ते मान्य.

मग त्यांनी माझ्या ताईला पुढे बोलावलं. चेल्याने तिच्या दंडाला पट्टा आवळला, शिरेतून सिरिंजभर रक्त काढलं आणि बाटलीत सोडलं. बाटलीत आधीच थोडं मंतरलेलं पाणी होतं म्हणे. रक्त काळपट, जांभळ्याकडे झुकलेलं.

"हा बघा आजार," बाबांनी बाटली वर धरली. मग डोळे मिटून, काहीबाही पुटपुटत ती गदागदा हलवली. थांबले तेव्हा आत लालभडक रक्त. आई तिथल्या तिथे रडायला लागली.

आता एक सांगायला हवं. संस्थेत रोज कुणाचं ना कुणाचं रक्त काढताना बघून आम्ही घरची माणसं नळ्यांच्या रंगाचे तज्ज्ञ झालो होतो. "आज उजळ आलंय हो", "काल किती काळं होतं", असं बाकड्यावर दिवसभर चालायचं. रंगावरून खरंच काही कळतं का, हे एकानेही डॉक्टरांना विचारलं नव्हतं. मीपण नाही. बाबांनी नेमकं तेच हेरलं होतं.

खोलीवर आल्या आल्या आई म्हणाली, "सोमवारी अॅडमिट व्हायचं नाही."

ताईच्या हाडांतला मगज रक्त बनवायचा थांबला होता. माझा मगज तिला जुळला होता, तो तिला चढवायची तयारी सोमवारपासून सुरू व्हायची होती. जास्त थांबू नका, साधा ताप आला तरी जिवावर बेतेल, असं संस्थेतल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं.

"एक लेकरू आजारी, त्यात दुसऱ्याला सुया कशाला? बाबांनी बिनसुईचं केलं."

"आई, सुई टोचूनच केलं."

"तू गप."

ताईचा दंड तोवर जांभळानिळा पडला होता.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं आता झापणार. त्या चक्क हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या मीपण येते बाबांकडे."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी दोन नळ्यांत रक्त घेतलं. एक नळी ताईची. दुसरी कुणाची ते आईला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई साध्या कपड्यांत आईशेजारी बसल्या आणि ताई नळ्या घेऊन पुढे गेली.

"बाबा, यातली एक माझी. जास्त आजारी कोण, सांगा ना."

बाबांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. "अरेरे. ही बघा, किती काळी. आजार ठासून भरलाय. या माणसानं माझ्याकडे आधीच यायला हवं होतं."

"आले की," डॉक्टरीणबाई उठल्या. "ती माझी. अजून रोज टेकडी चढते मी."

हॉल खदखदा हसला.

"आजार लपून बसतो, बाई."

"असेल. ताई, तूच काढ गं माझा आजार."

ताईने नळीचं बूच उघडलं, परत लावलं आणि दोनचा पाढा म्हणत नळी हलवायला लागली. पाढा संपेपर्यंत रक्त लालभडक.

डॉक्टरीणबाईंनी लोकांकडे वळून सांगितलं, "शिरेतलं रक्त अंगाला प्राणवायू वाटून परत निघालेलं असतं, म्हणून गडद. सगळ्यांचंच. हलवलं की हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो आणि ते उजळतं. माझ्यात लाल पेशी भरपूर, म्हणून माझं जास्त गडद. हिच्यात कमी, म्हणून फिकं. बाबा उलटं वाचतायत. आणि ते मंतरलेलं पाणी म्हणजे रक्त गोठू नये म्हणूनचं औषध. आमच्या नळ्यांतपण असतं."

चेला बाटल्या आवरायला लागला. बाबांना एकदम ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं.

आई तेवढी जागची हलली नाही. "पण डॉक्टर, रंग तर बदलला ना? थोडातरी गुण येईल ना तिला?"

मागचे लोक पुढे सरकले. सगळ्यांनाच हे विचारायचं होतं.

"काकू," त्या आईजवळ बसल्या, "बाटलीतलं बदललं. हिच्या अंगातलं कुठे हललं?"

आईने ताईचा दंड हातात घेतला आणि त्या जांभळ्या डागावरून बोट फिरवत बसली. मग माझ्याकडे वळली.

"सोमवारी तुझं खाणंपिणं काय ठेवायचं, ते विचारून घे."

मी काही कॉलेजात शिकलेला नाही. वाचतो, विचारतो, तेवढंच. म्हणून माझं सांगणंपण तेवढंच आहे. कुणी तुमच्या आजारावर चमत्कार करून दाखवला, तर पाया पडायच्या आधी म्हणा, आता हेच एखाद्या ठणठणीत माणसावर करून दाखवा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका.