दोघी आपल्याच

धनराज गांगुर्डेनं पंधरा वर्षं पंचवटीतल्या आपल्या वॉर्डाला एकच गोष्ट शिकवली. मत कसं द्यायचं. निवडणूक लागली की हा नमुना मतपत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून दारोदार.

"बाणफुलीचा शिक्का छत्रीवर. मग फुंकर घाला. मग उभी घडी. आडवी घातली तर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते, मत बाद!"

म्हाताऱ्या बायकांकडून घडी घालून घ्यायचा. चुकली की परत. छत्री म्हणजे पक्ष आणि पक्ष म्हणजे छत्री. बाकीची चिन्हं सरकार उगाच का छापतं, हेच गल्लीला कळायचं नाही.

सत्त्याण्णव साली वॉर्ड महिला राखीव झाला. आता आपलं तिकीट नक्की, असं धरून बसलेल्या धनराजला फार वाईट वाटलं. पुढ्यातला चहा गार होईपर्यंत वाटलं. मग त्यानं बायकोकडं बघितलं.

"मीना, तू उभी राहतेयस."

"मी पोळ्या करतेय."

"नगरपालिकेला गं."

"महापालिका झाली तिची कधीच," मीना म्हणाली आणि पोळी उलटली.

पण दोन दिवसांनी तीच म्हणाली, "निवडून आले तर आपल्या नळाला पाणी येईल का हो?" झालं. उमेदवार तयार. धनराजनं लगेच पत्र्याचा बोर्डही रंगवून आणला. 'नगरसेविका सौ. मीना' बारीक अक्षरात, खाली 'धनराज गांगुर्डे' लांबून वाचता येईल असं. बोर्ड पलंगामागं उभा केला. निकालापर्यंत.

तिकीट मात्र तेजश्रीताईंना मिळालं. बिल्डरची बायको. आदल्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पक्षात होत्या. धनराज भडकला, मीनाचा अर्ज मागं न घेता अपक्ष म्हणून ठेवला. चिन्ह मिळालं शिवणयंत्र.

शहराध्यक्ष बाळाजीभाऊंनी त्याला ऑफिसात बोलावलं, स्वतःच्या हातानं पेढा दिला.

"धनराज, रुसू नको. तेजश्रीताई पक्षाच्या अधिकृत. मीनावहिनी पक्षाच्या पुरस्कृत."

"म्हणजे काय, भाऊ?"

"म्हणजे मैत्रीपूर्ण लढत."

"पण लोकांनी मत कुणाला द्यायचं?"

भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते शिकवण्यात तर तुझा हात कुणी धरू शकत नाही."

धनराज पेढा खाऊन खूश होऊन आला. घरी आल्यावर त्याला कळलं, आपल्याला उत्तर मिळालेलंच नाही.

मग सुरू झालं उलटं शिक्षण. पहिलं घर भागीमावशीचं. तिनं हो म्हटलं की अख्खी गल्ली हो म्हणते.

"मावशी, या टायमाला शिवणयंत्र बरं का."

"का रे? पक्ष बदललास मेल्या?"

"पक्ष तोच. चिन्ह बदललं."

"मग ही छत्री कुणाची?"

"पक्षाची."

"मग पक्ष तोच कसा?"

धनराजनं घाम पुसला. "मावशी, तुम्ही फक्त मीनाला मत द्या."

"देणारच की. सून आहे ती गल्लीची."

तेवढ्यात हळदीकुंकवाचे दिवस. मीनानं मांडवात ठेवलं, वाण म्हणून स्टीलची वाटी. तेजश्रीताईंनी मंगल कार्यालयात ठेवलं, स्टीलचा झाकणाचा डबा. गल्लीतल्या बायका दोन्हीकडं गेल्या. सवाष्णीनं बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? दोघींच्या हातचं कुंकू लावून, दोघींचा तिळगूळ खाऊन, वाटी डब्यात ठेवून घरी आल्या.

शेवटच्या सभेत भाऊंनी एका बाजूला तेजश्रीताई, दुसऱ्या बाजूला मीना घेतली. दोघींचे हात वर केले. "या दोघी आपल्याच भगिनी! दुजाभाव करू नका! दोघींनाही भरघोस मतं द्या!"

टाळ्यांचा कडकडाट. धनराजनंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं गल्लीची शेवटची तालीम घेतली. शिक्का, फुंकर, उभी घडी. एकीचीही घडी चुकली नाही. त्याची छाती फुगली. घड्या उघडून मात्र बघितल्या नाहीत. तशी वेळच कधी आली नव्हती.

मोजणीच्या हॉलमध्ये तो टेबलाला चिकटून उभा. भागीमावशीच्या बूथची पेटी उघडली. साहेबानं मतपत्रिका उलगडली, सगळ्यांना दाखवली.

"बाद."

पुढची उलगडली. बाद. पुढची, बाद. धनराजनं मान लांब केली. एक शिक्का छत्रीवर, एक शिवणयंत्रावर. दोन्ही ठसठशीत. शाईचा एक डाग इकडचा तिकडं नाही.

"घड्या सुरेख घातल्यात हो," साहेब म्हणाला.

निवडून आल्या तिसऱ्याच, कपबशी चिन्हाच्या अपक्ष सुधाबाई. त्यांचा नवरा वारलेला, म्हणून त्यांना हळदीकुंकू ठेवता आलं नव्हतं. त्यांचं वाणच कुणी घेतलं नव्हतं, म्हणून ज्यांनी त्यांना मत दिलं त्यांनी फक्त त्यांनाच दिलं.

धनराज तडक भागीमावशीच्या दारात. "मावशी, दोन-दोन शिक्के मारलेत?"

"मग? कुंकू दोघींच्या हातचं लावलं. एकीला दिलं आणि दुसरी उद्या रस्त्यात भेटली, तर तोंड कुठं लपवू? आणि भाऊच नाही का म्हणाले?" मग तिला काळजी वाटली. "का रे, घडी चुकली का माझी?"

"नाही मावशी," धनराज म्हणाला. "घडी बरोबर होती."

चौकात गुलाल उडत होता. जीपवर सुधाबाई, शेजारी हारात बुडालेले बाळाजीभाऊ. "सुधाताई पहिल्यापासून आपल्याच!" माईकवर सांगत होते. धनराज दिसल्यावर त्यांनी हात हलवला. "ये रे धनराज! पक्ष जिंकला!"

धनराजचा हात अर्धा वर गेला होता. शेजारी मीना उभी होती. तिनं तो खाली ओढला.

घरी आल्यावर तिनं पलंगामागचा बोर्ड काढला, मोरीतल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकला. नाव आतल्या बाजूला. मग हंडा उचलून कोपऱ्यावरच्या नळाला निघाली.

"थांब, मी येतो," धनराज म्हणाला आणि दुसरा हंडा त्यानं घेतला.