शेजारचा रिकामा पाट

मिरकरवाड्यातल्या कोलंबी सोलायच्या शेडमध्ये राहीइतका चलाख हात कुणाचा नव्हता. परदेशातून मागणी वाढत गेली, तशी बायकांची मजुरीही चढत गेली. राहीच्या घरावर कौलं आली, रेडिओ आला. मग तिनं आपल्या लेकीला, विमलाला, सातवीतून काढलं आणि शेडमध्ये आपल्या शेजारच्या पाटावर आणून बसवलं.

गणपती झाल्यावर माल उचलणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला. सगळ्यांदेखत तो शेडचे मालक सखारामशेठना म्हणाला, "नुसती सोललेली कोलंबी आता दुसऱ्या देशांत तुमच्यापेक्षा स्वस्त मिळते. शिजवून, पाकीटबंद करून द्याल तर बोला."

तो माणूस गेल्यावर राही शेठकडे गेली.

"शेठ, ते शिजवून पाकीटबंद करायचं मशीन आणा की. आमी शिकू."

"आणीन गो. पण चालवणार कोण? कोचीनला धाडून कुणाला शिकवावं, तर उद्या दुसराच शेठ जादा पगार देऊन त्याला ओढून नेईल." शेठचा आवाज खाली आला. "गरीब देशांएवढं स्वस्त विकणं आता आपल्याला परवडत नाही, नि बड्या देशांचं मशीनवरचं काम आपल्याला येत नाही. मलाच भय वाटतंय."

मशीन आलं नाही. दिवाळीपर्यंत निम्म्या बायका घरी बसल्या. हात चलाख म्हणून या दोघी मायलेकी टिकल्या.

एके दिवशी विमला दाराकडे बघत हसली. "आये, बघ. न बघता सोलतंय मी."

खरंच, पोरीची बोटं आईपेक्षा भराभर चालत होती. राही त्या बोटांकडे बघत राहिली. उद्या शेडला टाळं लागलं तर या बोटांना दुसरं काय येतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विमलाला शाळेत नेलं. हेडमास्तर म्हणाले, "वर्ष बुडालंय. पुन्हा सातवीतच बसावं लागेल, लहान पोरांत."

"बसंल."

"आये, माका नको," विमला रडकुंडीला आली. "सगळा इसरलंय मी. पोरं हसतील."

राहीलाही रडू येत होतं. घरात येणारी मजुरी आता निम्मी होणार, आणि पोरगी नापास झाली तर मजुरीही गेली नि शाळाही. तरी तिनं विमलाचा हात सोडवला आणि मागं न बघता फाटकाबाहेर पडली.

दुपारी शेडच्या दारात शेठ कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होते. शेड बंद करायचंच बोलणं असेल, या भीतीनं कान द्यायचा राहीला धीर झाला नाही. शेजारच्या रिकाम्या पाटाकडे न बघता, मान खाली घालून ती सोलत राहिली.