गोळ्यांचे पैसे आणि फरवानियातली खोली

आखातातल्या मराठी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच असं झालं, की पैसे आधी आले आणि ते कशावर उडवायचे हे नंतर ठरवायचं होतं.

पैसे अर्दियातल्या एका गोदामवाल्या कंपनीकडून आले होते. तिथल्या दवाखान्यात, पाठ धरली म्हणणाऱ्या प्रत्येक कामगाराला वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या पेपरमिंटसारख्या वाटल्या गेल्या. पाठी राहिल्या तशाच, गोळ्या मात्र सुटेनात. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीने तडजोड केली आणि ज्या ज्या संघटनांची माणसं तिथे कामाला होती, त्यांच्याकडे रक्कम सोपवली. अट एकच होती. पैसे फक्त उपचारांवर आणि माणसं पुन्हा उभी करण्यावर खर्च करायचे.

शुक्रवारी सकाळी रुमैथियात रसिकाच्या घरी कार्यकारिणी जमली, कारण रसिकाचे बाबा, सलील, मंडळाचे खजिनदार होते आणि त्यांचा एसी सगळ्यात गार होता. रसिका अकरावीतली. नुकतीच युवा प्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवडून आलेली. दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून ती मान ताठ करून चालायची आणि कुणी विचारलं नाही तरी मत द्यायची.

स्वयंपाकघरात तिचा जयदीपमामा कार्यकारिणीसाठी साबुदाणा वडे तळत होता. ज्या गोळ्यांचे पैसे आले होते, त्यांतल्या बऱ्याच मामाच्या पोटात गेल्या होत्या. रसिकाची आई नर्स. तिनेच भावाला हाताला धरून इस्पितळात नेलं. मामा सुटला. आता दर शुक्रवारी संध्याकाळी तो फरवानियात एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जायचा. गोळ्यांतून सुटलेली किंवा सुटू पाहणारी माणसं तिथे गोल करून बसायची आणि बोलायची. काय बोलायची ते मामाने कधी सांगितलं नाही. "गेलो नाही की आठवडा अवघड जातो," एवढंच म्हणायचा.

आणि ती खोली रविवारी जाणार होती. मालकाला वर्षाचं भाडं आगाऊ हवं होतं, नाहीतर मोबाईल दुरुस्तीवाला तयारच होता. मामाने हे सकाळी बटाटे सोलता सोलता सांगितलं, हवामान सांगावं तसं. रसिकाने ठरवून टाकलं, विषय आपण काढायचा.

पण तिच्याआधी प्रभाकाकू बोलल्या. काकू सचिव. "संगीत हासुद्धा उपचारच आहे. पुण्याहून गायक बोलवू. व्यसनमुक्ती महोत्सव."

"आणि नवे ढोल घेऊ," बाबा म्हणाले. "ढोल वाजवला की पाठीला व्यायाम होतो."

"बाबा, ज्यांच्या पाठी गेल्यात ते ढोल उचलणार कसे?"

"ते ऐकतील."

"महोत्सवात एक सत्कार हवा," अध्यक्ष रामभाऊकाका म्हणाले. "शाल, श्रीफळ, आणि सत्कारमूर्तीचे दोन शब्द. कसा अडकलो, कसा सुटलो. माणूस बाहेर शोधायला नको, घरचाच आहे."

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मामा वड्यांचं ताट घेऊन दारातच उभा होता.

"काका, नवी नोकरी लागून थोडेच दिवस झालेत," तो म्हणाला. "शेठला यातलं काही माहीत नाही."

"शेठ काय आपल्या कार्यक्रमाला येतोय?"

"फेसबुकवर फोटो जातात ना तुमचे."

"तुझा बारीक टाकू," प्रभाकाकू म्हणाल्या.

मामाने ताट खाली ठेवलं. "चटणी आणतो," म्हणाला आणि आत गेला. चटणी टेबलावरच होती.

रसिकाने घसा साफ केला. "फरवानियातल्या खोलीचं भाडं भरूया. रविवारच्या आत."

"खोली?" रामभाऊकाकांनी वडा मोडला. "त्यात दाखवण्यासारखं काय आहे?"

"माणसं बसतात तिथे."

"माणसं इथेही बसलीत."

आता मंडळात कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्यासाठी उपसमिती असायची. वाचनालयाची उपसमिती नेमली तेव्हा रसिका बालवाडीत होती आणि तिची पहिली बैठक अजून व्हायची होती. विषय उपसमितीकडे गेला, की लोक श्रद्धांजलीला राहावं तसे क्षणभर गप्प राहायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

"छान सूचना," रामभाऊकाका म्हणाले. "उपसमिती नेमू. रसिका, तू अध्यक्ष."

"सदस्य कोण?"

"घे तुला हवे ते."

"अधिकार?"

"सगळे," काकांनी भरल्या तोंडाने उदारपणे सांगितलं. प्रभाकाकूंनी ते लिहूनही घेतलं. सगळे क्षणभर गप्प बसले. मग ढोलांचा आकार चर्चेला आला.

रसिका थेट स्वयंपाकघरात गेली. "मामा, उपसमितीची बैठक सुरू झालीय. तू सदस्य आहेस."

"बसावं लागेल का? पाठ दुखतेय."

"उभ्यानेच घेऊ. खोलीचं वर्षाचं भाडं भरायचं का?"

मामाने गॅस बारीक केला. झारा कढईच्या काठावर निथळत ठेवला.

"भरा," तो म्हणाला. "पण रसू, बोर्ड नको. नाव नको, फोटो नको. बोर्ड लागला की कुणी जिना चढायचं नाही. मीसुद्धा."

"मंजूर. आणखी काही?"

"अर्दियाहून येणाऱ्यांना परतीची बस मिळत नाही. गाडी मिळाली तर..."

"मंजूर."

ढोलांचा आकार ठरायच्या आत ती बाहेर आली. "उपसमितीचा निर्णय झाला. खोलीचं भाडं आणि शुक्रवारची गाडी. एकमताने."

उपसमितीचा निर्णय फेटाळायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर असा निर्णय आलाच नव्हता.

"इतक्यात?" प्रभाकाकूंनी विचारलं.

"सदस्य वेळेवर हजर होते."

काकूंनी आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. सगळे अधिकार. बाबांनी हिशेब करून पाहिला. भाडं आणि गाडी धरली, तर महोत्सव बसत नव्हता. महोत्सवच नाही म्हटल्यावर सत्कारही नव्हता. रामभाऊकाकांनी चेकवर सही केली, पण चेहरा असा, जणू कुणीतरी त्यांचा हात धरून करून घेतंय.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी रसिका मामाबरोबर फरवानियाला गेली. बाहेरच्या माणसाला आत बसू देत नाहीत, म्हणून ती जिन्यात थांबली. एकेक जण चढून आला. कुणाच्या अंगावर कामाचा गणवेश, कुणाच्या हातात रोटीची पिशवी. दार लागलं.

थोड्या वेळाने रामभाऊकाका धापा टाकत वर आले. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. 'मंडळाच्या सौजन्याने', आणि खाली कार्यकारिणीचे हसरे फोटो.

"दाराला लावू फक्त. आत जात नाही मी."

"बोर्ड नको असं ठरलंय, काका."

"बोर्ड कुठाय, फ्लेक्स आहे."

"हा लावला तर उतरून जातील सगळे. मामा पहिला."

काका दाराकडे बघत राहिले. आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम हसले. त्यात मामाचं हसू रसिकाला वेगळं ओळखू आलं. घरी तो इतक्या मोठ्याने हसत नसे.

"कशाला हसतायत?" काकांनी विचारलं.

"काय माहीत. आपल्याला सांगणार नाहीत."

"कमाल आहे. पैसे आपले, आणि हसणार हे."

"पैसे त्यांचेच आहेत, काका."

काकांनी त्यावर विचार केला. बसावं म्हणून त्यांनी पायरीकडे पाहिलं, तर तिच्यावर बोटभर धूळ. मग त्यांनी फ्लेक्स उलगडला, फोटो खाली करून पायरीवर अंथरला आणि रसिकालाही थोडी जागा करून दिली.