चावीवर की डायरेक्ट?

मी हँडलवरचा चार्जर बोलतोय. दचकू नका. माझ्या तोंडात वायर खुपसताना आजवर कुणी माझी परवानगी काढली नाही, तेव्हा बोलण्यासाठी मीही तुमची काढत बसणार नाही.

मी काडेपेटीएवढा काळा डबा आहे. वर रबरी झाकण आणि खाली दोन तोंडं. दोन तोंडांचा म्हणून नाक मुरडू नका, तुमच्यात एका तोंडाने दोन्हीकडचं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. दोन तोंडांच्या मधे एक इवलीशी खिडकी आहे आणि तिच्यात निळा आकडा दिसतो. मोटारसायकलच्या बॅटरीत किती जीव उरलाय ते तो आकडा सांगतो. साडेबाराच्या वर असला तर तब्येत ठणठणीत. बारा म्हणजे थकवा. अकराच्या घरात आला की शहाण्याने हातातलं काम टाकून धावावं. एवढीच माझी भाषा, आणि ती वाचायला शाळेत जावं लागत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. झाकण बसवणाऱ्या बाईंनी माझ्या खोक्यावरचं ‘पाण्यात बिनधास्त वापरा’ हे वाक्य वाचलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "मी तरी नसता भिजवला गं याला." माझ्याबद्दल खरं बोललेलं ते पहिलं वाक्य. पुढे दुकानाच्या काचेमागे चार महिने काढले आणि मग आमचे रायडर साहेब आले.

खरं तर ते एका कचेरीत फायली सरकवतात. घर ते कचेरी अंतर चार किलोमीटर. पण कोपरांना पत्रे लावलेलं जाकीट, बोटांवर कवच असलेले हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट घालून ते चार किलोमीटर असे जातात, जणू वाटेत वाळवंट लागतं. मित्र त्यांना ‘रायडर’ म्हणतात. मीही तेच म्हणतो, त्यांना बरं वाटतं.

मला बसवायला ते गल्लीच्या टोकाच्या फिटरकडे गेले तेव्हा बाबा बरोबर होते. बाबा म्हणजे रायडरचे वडील. सारी नोकरी वीजखात्यात लाइनमन म्हणून खांबांवर चढण्यात गेली. आता कानाने जरा कमी ऐकू येतं, म्हणून दोन्ही कानांत मशीन घालतात. फिटरने माझ्या वायरी हातात धरल्या आणि विचारलं, "चावीवर जोडू की डायरेक्ट?"

"चावीवर," बाबा म्हणाले.

"डायरेक्ट!" रायडर म्हणाले, वडिलांच्या डोक्यावरून आणि मोठ्याने.

आता या दोन शब्दांत काय फरक आहे, ते रायडरना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. चावीवर म्हणजे गाडीची चावी फिरवली तरच मी जागा होणार, चावी काढली की झोपणार. डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीला, मधे कुणी नाही. गाडी उभी असो, बंद असो, मी आपला बॅटरीचं रक्त पीत बसलेला. पण रायडरना वाटलं, डायरेक्ट म्हणजे काहीतरी वरच्या दर्जाचं. रांगेत न थांबता सरळ साहेबांच्या खोलीत जातात, तसलं.

"अरे, बॅटरी बसेल," बाबांनी पुन्हा सांगितलं.

"बाबा, तुमच्या वेळचं वेगळं होतं."

त्या घरात बाबांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात. फिटरने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि मला डायरेक्ट जोडलं.

मग सुरू झाला माझा संसार. सुट्टी आली की रायडर आणि मित्रमंडळी निसर्गाच्या कुशीत जायला निघत आणि जाताना सगळं घर बरोबर नेत. फोन, दुसरा फोन, हेल्मेटवरचा कॅमेरा, त्या कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, गाणी वाजवायचा डबा, मनगटावरचं घड्याळ. मोकळ्या हवेत आल्या आल्या पहिला प्रश्न काय, तर "चार्जिंग किती आहे रे?" डोंगरावर पोचले की डोंगर राहायचा बाजूला आणि सगळे माझ्याभोवती गोळा. दोन तोंडांनी मी किती जणांना पाजणार? तरी पाजलं. माझा निळा आकडा रात्रंदिवस जळतच होता, आणि बॅटरी बिचारी चार वर्षांची, आतून खंगत चाललेली. मी तिची बातमी रोज खिडकीत लावत होतो. रायडर म्हणत, "काय भारी दिसतो ना निळा लाइट!"

ती बातमी वाचायचे फक्त बाबा. संध्याकाळी फिरून आले की गाडीपाशी थांबत, वाकून आकडा बघत आणि मान हलवत. माझ्याशी त्या घरात तेवढंच कुणी बोललं असेल.

एके दिवशी गाडी आवारात उभी होती आणि फोन माझ्यावर लावलेला होता, तेव्हा तो वाजला. रायडरच्या आत्याची मुलगी बोलत होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला आक्का म्हणतात आणि ती त्यांना बारकू. सत्तरीच्या माणसाला बारकू म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

"दादा, उद्या पाचला आईला दवाखान्यात न्यायचंय," ती म्हणाली. "परवा ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, गळ्यातलं स्वरयंत्रच काढावं लागेल. जीवाला धोका नाही, पण आवाज जाणार. आताच अगदी हळू बोलते. मामाशी बोलायचंय म्हणून सारखी दाराकडे बघते. उद्या पाचच्या आत आण त्याला. आणि हे बघ, इथे विजेचे खांब बदलताहेत, उद्या दिवसभर लाइट नाही. मामाचं कानाचं मशीन भरून आण."

"हो हो हो," रायडर म्हणाले. तीनदा हो म्हटलं की एकदाही लक्षात राहत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

बसने पोचायला संध्याकाळ झाली असती, म्हणून मोटारसायकलने जायचं ठरलं. खरं कारण सकाळी कळलं. रायडर हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात बघून बोलत होते, "मित्रांनो, आज एक खास राइड. बाबांसोबतचे अनमोल क्षण!" अनमोल क्षण मागे उभे होते आणि हातातली डबी दाखवत होते.

डबी म्हणजे कानाच्या मशीनचं घर. दोन्ही मशीन तिच्यात ठेवायची आणि डबी चार्जिंगला लावायची. बाबांनी ती आदल्या दिवशीच भिंतीवरच्या प्लगला लावली होती. पण रायडरना कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांसाठी प्लग हवा होता, म्हणून त्यांनी ती काढून बाजूला ठेवली होती. अगदी नीट, पुसून वगैरे ठेवली होती.

"अरे, भरलंच नाही हे."

"चिंता नको बाबा, रस्त्यात लावू. आपल्याकडे चार्जर आहे ना, डायरेक्ट!"

तर निघालो. माझ्या डाव्या तोंडात फोन होता, कारण नकाशा हवा. बाबा ज्या रस्त्याने पन्नास वर्षं बहिणीकडे जात होते, त्याचा नकाशा. उजव्या तोंडात कॅमेरा. डबी बाबांच्या खिशात. हेल्मेटमध्ये मशीन शिट्टी मारतं, म्हणून गाडीवर बसताना ते काढून डबीतच ठेवावं लागतं. म्हणजे तासन्‌तास दोन्ही मशीन डबीत आयती बसली होती. नुसती वायर जोडायचा अवकाश होता.

पहिल्या थांब्यावर बाबांनी डबी पुढे केली. "पुढच्या थांब्यावर," रायडर म्हणाले. पुढच्या थांब्यावर समोर दरी आली आणि दरी म्हटलं की कॅमेरा. तिसऱ्या थांब्यावर बाबांनी डबी पुढे केली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा माझ्या दोन तोंडांची लाज वाटली.

दुपारी जेवायला थांबलो. घाटाच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराचं खानावळवजा हॉटेल होतं, समोर दोन ट्रक उभे. रायडरनी चावी काढली आणि मला फोन, कॅमेरा दोन्ही लावून ठेवले. वर तोंड करून म्हणाले, "हाच तर डायरेक्टचा फायदा!" मग आत जाऊन तासभर बसले. बाबांनी कानात मशीन घातलं, तर त्याने टुकटुक करून जीव जात असल्याचं सांगितलं. ते हात धुवून माझ्यापाशी आले, वाकले, आणि तसेच आत गेले.

"सगळं काढ आधी. अकरा पॉइंट चार झालंय."

"बाबा, ते शोभेला असतं."

आता मी शोभेचा! बरं. रायडर आले, हेल्मेट चढवलं, कॅमेऱ्याला "चला मित्रांनो!" म्हणाले आणि बटण दाबलं. गाडीने ‘टक’ केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा ‘टक’. फोन शंभर टक्के, कॅमेरा शंभर टक्के, आणि ज्याच्यावर बसून जायचं त्यात प्राण नाही. गाडीला किक नव्हती. किक म्हणे जुनाट दिसते.

ट्रकचा ड्रायव्हर दात कोरत जवळ आला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "डायरेक्ट जोडलाय काय?"

ड्रायव्हर आणि हॉटेलचा आचारी ढकलायला लागले. बाबाही लागले, सत्तर वर्षांच्या खांद्याने. तिसऱ्या धक्क्याला इंजिन धरलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. बाबांनी काही न विचारता माझ्या उजव्या तोंडातून कॅमेरा उपटला, लेकाच्या हातात दिला आणि डबी लावली. डबीवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बॅटरीची माफी मागत मागत मी डबीला पाजायला लागलो.

सुख मला कुठलं मिळायला? दहा मिनिटांनी पेट्रोल पंप आला. बाबा पाय मोकळे करायला उतरले. रायडरनी डबीकडे पाहिलं. "हिरवा लागला म्हणजे झालं फुल," असं पुटपुटले, डबी काढली आणि कॅमेरा लावला. लुकलुकता हिरवा म्हणजे भरतंय आणि स्थिर हिरवा म्हणजे भरलं. हे डबीवरच लिहिलं होतं. माझ्या खिडकीत मात्र तसलं काही लिहायची सोय नाही, नाहीतर त्या दिवशी माझा आकडा सोडून मी भलतंच काही लिहिलं असतं.

चारला पोचलो. घर बुटकं, खिडक्या मोठ्या. वीज नसल्यामुळे आक्कांची खाट खिडकीशी ओढली होती, आणि गाडी बरोबर त्या खिडकीखाली लागली. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

बाबांनी कानात मशीन घातलं आणि खाटेच्या कडेला बसले. आक्का हसल्या. आवाज कसला, नुसता श्वास होता. पण बाबांना तो ऐकू येत होता, कारण त्यांनी तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखे हसले. पाच मिनिटं असतील. मग ते एकदम थांबले. एक हात कानाला लावला, मग दुसरा. दहा मिनिटांच्या घासावर मशीन चालून चालून किती चालणार?

आक्का बोलतच होत्या. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते आणि मान हलवत होते. ऐकू न येता मान हलवणारा माणूस ओळखता येतो हो. रायडरनाही आला. दारात उभे होते, हातात कॅमेरा, बोट बटणावर. तो त्यांनी खाली केला.

पुढचं मी खोटं सांगत नाही. तो माणूस बाबांची डबी आणि एक मशीन घेऊन धावत अंगणात आला, हातातला कॅमेरा गवतात टाकला, माझ्यातून फोन काढला आणि डबी लावली. चावीला हात घातला आणि थबकला. इंजिन चालू केलं असतं तर बॅटरी वाचली असती, पण खिडकीतला तो श्वासाएवढा आवाज पार बुडाला असता. त्याने चावी काढून खिशात टाकली. मी चालूच होतो. डायरेक्ट होतो ना!

मग सुरू झाल्या फेऱ्या. एक मशीन डबीत, एक बाबांच्या कानात. कानातलं टुकटुकलं की रायडर आत पळत, डबीतलं नेऊन देत, संपलेलं आणून ठेवत. ते घोट्यावरचे बूट दारात काढून फेकलेले, पायांत नुसते मोजे. मधल्या वेळात माझ्या खिडकीसमोर उकिडवे बसून आकडा बघत. मी बसल्यापासून पहिल्यांदा ते तो वाचत होते. अकरा दोन. अकरा. दहा आठ. आता गाडी सुरू होणार नाही हे त्यांना कळत होतं, तरी डबी काढली नाही. मला त्यांचा राग राग यायचा, तो त्या तासाभरात कुठे गेला कोण जाणे.

पाचला दवाखान्याची गाडी आली. आक्कांना धरून बाहेर आणलं. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या, बाबांचा कान हाताने जवळ ओढला आणि काहीतरी म्हणाल्या. मला फक्त ‘बारकू’ एवढं कळलं. बाबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग माझा आकडा विझला.

ऑपरेशन चांगलं झालं. आक्का आता पाटीवर लिहितात, आणि फोनवर नखाने टकटक करतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे बारकूला फोन दे. त्यांचा आवाज कुणाकडेच नाही. तासन्‌तास दऱ्या टिपणारा कॅमेरा ऐनवेळी गवतात पडला होता, आणि तिथेच तो पहिल्यांदा शोभला.

गाडीला नवी बॅटरी आली. फिटरकडे रायडर स्वतः म्हणाले, "चावीवर." फिटरने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आभाळाकडे. आता मीही रात्री झोपतो. माझं डावं तोंड डबीसाठी राखलेलं आहे, उजव्यात जग काय घालायचं ते घालो. तुमच्याही हँडलवर माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यात वायर खुपसण्याआधी मागच्या सीटवरच्या माणसाला एकदा विचारत जा, एवढंच मागणं आहे.

परवा आक्कांना भेटायला निघालो. डबी माझ्यावर लागलेली, दिवा हिरवा आणि स्थिर. बाबांच्या कानात मशीन होतं, हेल्मेट अजून हातात होतं. रायडरनी आधी मागे-पुढे पाहिलं आणि मग विचारलं, "बाबा, त्या दिवशी आत्या शेवटी काय म्हणाली हो?"

बाबांना नीट ऐकू आलं होतं.

"ते डायरेक्ट होतं रे," ते म्हणाले, मशीन काढून डबीत ठेवलं आणि मागे बसले.