आधी मला पाणी पाजा

मी एक जुना आईस्क्रीमचा पॉट आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पॉट पाहिलाही नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगतो. बाहेरून मी एक लाकडी बादली आहे. सागवानी फळ्या शेजारी शेजारी उभ्या करून त्या लोखंडी कड्यांनी आवळल्या आहेत. पोटात पत्र्याचा एक उंच डबा आहे आणि डोक्यावर दातेरी चाक आणि दांडा. डब्यात आटवलेले दूध आणि आमरस घालायचा, डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचे आणि दांडा फिरवत बसायचे. घाई करून चालत नाही. मी माझ्या वेळेनेच आईस्क्रीम देतो.

माझा जन्म नागपूरचा. इतवारीच्या एका दुकानातून मनोहररावांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांचे नवे लग्न झाले होते. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडले की तापलेल्या फरशीतून वाफ निघायची. मग सतरंजी पसरायची आणि मधोमध मला बसवायचे. मुले आळीपाळीने दांडा फिरवायची. आतले आईस्क्रीम घट्ट होऊ लागले की दांडा जड व्हायचा आणि मी जागचा हलू लागायचो. मग माझ्यावर गोणपाट टाकून एखाद्या लहानग्याला बसवायचे. तो मान मोठा होता. त्यासाठी भांडणे व्हायची. शेवटचे फेरे मात्र मनोहररावांचे. "मी फिरवल्याशिवाय हा जमत नाही," असे ते म्हणायचे आणि त्यांची पत्नी प्रेमलताबाई पदराआड हसायच्या.

त्या का हसायच्या, ते मला ठाऊक होते. ती गोष्ट पुढे येईलच.

वर्षे गेली. मुले शिकली, पांगली. घरात फ्रिज आला, मग रस्त्याच्या कोपऱ्यावर आईस्क्रीमचे दुकान आले. मी माळ्यावर गेलो. दोन वर्षांपूर्वी प्रेमलताबाई वारल्या. मनोहरराव मुलाकडे, सलीलकडे, कोलकात्याला राहायला निघाले, तेव्हा त्यांनी कपड्यांच्या दोन बॅगा आणि मला, एवढेच सोबत घेतले.

सलील रेल्वेत अधिकारी आहे. कोलकात्यातल्या गार्डन रीच भागात त्यांचे क्वार्टर आहे. गॅलरीत उभे राहिले की झाडांच्या मागे नदी दिसते आणि अधूनमधून जहाजाचा भोंगा ऐकू येतो. इथेही मी आधी पलंगाखाली पडून होतो. मनोहरराव फारसे बोलत नसत. नातवंडे, केयूर आणि नूपुर, सुट्टीत पडदे ओढून, एसी लावून मोबाइल बघत बसत. एका दुपारी वीज गेली. मोबाइलही थोड्या वेळात विझले. मुले आजोबांच्या खोलीत आली आणि नूपुरला मी सापडलो.

"आजोबा, ही कसली बकेट?"

मनोहररावांनी मला बाहेर ओढले, धोतराच्या सोग्याने पुसले, आणि कितीतरी दिवसांनी ते भरभरून बोलले. रविवारी आईस्क्रीम करायचे ठरले. सलीलने माशांच्या बाजारातून बर्फाची लादी आणली. ती पाहून सूनबाई रजनीने नाक मुरडले.

"बाबा, हा माशांचा बर्फ."

"डब्याच्या बाहेर राहणार आहे तो. आणि तू हापूस नाही म्हणून इथला हिमसागर आंबा आणलास, तेव्हा मी काही बोललो का?"

"आत्ता बोललात की."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला भीती वाटत होती. कारण कोणीही मला पाणी पाजले नव्हते.

मित्रांनो, लाकडाला तहान लागते. वर्षानुवर्षे कोरडे राहिले की ते आकसते आणि फळ्यांमध्ये बारीक फटी पडतात. वापरण्याआधी मला काठोकाठ पाणी भरून ठेवावे लागते. लाकूड पाणी पिते, फुगते आणि फटी मिटतात. मला हे सांगता येत नव्हते.

व्हायचे तेच झाले. गॅलरीत दांडा फिरू लागला आणि माझ्या अंगातून चहूबाजूंनी खारट पाणी गळू लागले. मनोहरराव घामाघूम होईपर्यंत फिरवत राहिले. थंडावा धरणारे खारे पाणीच वाहून गेले, दूध पातळ ते पातळच. तेवढ्यात खालून आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या कादंबरी मासीमांचा, म्हणजे बंगाली मावशींचा, होता तो.

"सलील बाबू, ऊपर बारिश हो रहा है क्या? हमारा तीनों साड़ी भिगा दिया।"

रजनी माफी मागायला खाली धावली. सलीलने माझ्या फळ्यांवरून हात फिरवला. "बाबा, लाकूड कुजलंय. पुढच्या रविवारी बिक्रीवाला येईल, त्याला देऊन टाकू."

बिक्रीवाला म्हणजे इथला भंगार घेणारा. मनोहररावांनी दांडा सोडून दिला. "दे," म्हणाले. "मलाही आता जमत नाही."

त्या आठवड्यात ते पुन्हा गप्प झाले. मला वाईट वाटले ते भंगारात जाण्याचे नव्हे. आपल्या हातात काही उरले नाही, असे त्यांना वाटत होते आणि ते खोटे होते.

मला गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवले होते. तिथे एसीचे पाणी ठिबकून फरशीवर तळे साचायचे. रजनीने मला त्या नळीखाली सरकवले. "जाईपर्यंत एवढं तरी काम कर," असे म्हणाली. एसी दिवसरात्र चालायचा. थेंब थेंब पाणी माझ्यात पडू लागले. आधी सगळे गळून गेले. मग थोडे कमी गळले. मी पीत राहिलो.

रविवारी सकाळी बिक्रीवाल्याची हाक आली. नूपुर मला रिकामा करायला आली आणि थबकली. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो.

"आजोबा, इकडे या ना. पॉट आता रडत नाही."

"काय म्हणतेस?"

"बघा, खाली सुका आहे."

मनोहरराव आले. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. प्रत्येक फळीच्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवले. सगळे सांधे मिटलेले होते.

"तुझी आजी," ते हळूच म्हणाले, "आदल्या दिवशी याला न्हाणीघरात भरून ठेवायची. सकाळी अंघोळीला अडचण होते म्हणून मी कुरकुरायचो. मला वाटायचं, धुवायला ठेवते. आणि मी म्हणत राहिलो, माझ्याशिवाय जमत नाही."

"आजीने सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही, बाळ."

बिक्रीवाल्याला वर्तमानपत्रांची रद्दी मिळाली. सलीलने विचारले, "पुन्हा गळला तर, बाबा?"

"तर मासीमांच्या साड्या मी धुवीन. जा, बर्फ आण."

त्या संध्याकाळी कादंबरी मासीमाही वर आल्या. प्रत्येकाने दांडा फिरवला. केयूर मध्येच मोबाइल बघायला उठला आणि स्वतःहून परत आला. दांडा जड झाला, तशी नूपुर म्हणाली, "आता माझी बारी," आणि गोणपाट टाकून माझ्यावर चढून बसली. शेवटचे फेरे मनोहररावांनी कोणालाही दिले नाहीत. हिमसागराचे ते आईस्क्रीम चाखून मासीमा म्हणाल्या, "साड़ी माफ।"

आता शनिवारची संध्याकाळ झाली की मनोहरराव मला न्हाणीघरात नेतात. तांब्याने पाणी ओततात, सावकाश. नूपुर शेजारी उभी असते. तिला ते दर वेळी नवे काही सांगत नाहीत, एवढेच म्हणतात, "हे आजीचं काम. आधी हे, मग फिरवणं."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू रुसलेली असेल. तिला टाकू नका असा हट्ट मी धरत नाही. पण टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ती चालत होती तेव्हा तिची काळजी कोण घेत होते. आणि ते माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारा.