हात उघडा

पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली. दोन्ही हात उघडून दाखवा.

"उघडलाय की," महेंद्र करवादला. "आता काय सोलून दाखवू?"

रविराज कॅमेऱ्यामागं वाकून वायर हलवत होता. सांगलीच्या विश्रामबागेतलं हे गेम पार्लर त्याचं. नवं मशीन आणल्यापासून भेटेल त्याला तो एकच ऐकवायचा, रिमोटचे दिवस संपले. हातात काही धरायचं नाही. समोर उभं राहून हात हलवला की पडद्यावरचा बाहुला तसाच हलतो. म्हणूनच त्यानं महेंद्रला आष्ट्याहून बोलावून घेतलं होतं.

कॉलेजात महेंद्रच्या हाती रिमोट आला की समोरचा गडी मेलाच म्हणून समजायचं. मग एका उन्हाळ्यात कडबा कापायच्या कुट्टी यंत्रानं उजव्या हाताची चार बोटं नेली, अंगठा तेवढा ठेवला. दूध केंद्रावरची नोकरी डाव्या हातावर निभली, लग्नही झालं. खेळ मात्र सुटला तो सुटलाच. त्याचं नावही त्यानं पुन्हा काढलं नव्हतं. पण रविराजचा फोन आला आणि हा बाबा रजा टाकून पहिल्या एसटीत बसला.

"जरा मागं सर."

"मागं कपाट हाय रं."

"मग तिरका हो."

"तिरका झालो की म्हणतंय माणूस दिसंना."

ज्यानं हे यंत्र बनवलं त्याच्या घरातली खोली केवढी असेल कुणास ठाऊक. सांगलीतल्या गाळ्यात कुणी खेळेल हे काही त्याच्या डोक्यात आलेलं नसणार.

बाकावर नंबर लावून बसलेल्या कॉलेजच्या पोरांतली प्रांजल म्हणाली, "दादा, ते तुमच्या हाताला मूठ समजतंय. मूठ म्हणजे बॉल धरला, पंजा म्हणजे सोडला."

"डाव्यानं खेळ की मग," रविराज म्हणाला.

"डाव्यानंच जगतोय की. आन् तुझं मशीन दोनी मागतंय."

रविराज तडक शेजारच्या मेडिकलमधून रबरी हातमोजा घेऊन आला. बोटांत कापूस कोंबला, मोजा महेंद्रच्या हातावर चढवला, मनगटाला रबर लावलं.

"म्हशीची सडं दिसत्यात," महेंद्र म्हणाला. पोरं हसली. तोही हसला.

मशीननं टिंग केलं. खेळ सुरू झाला. समोर चेंडू आला, आणि कापसाची बोटं काही मिटेनात. चेंडू तिथंच लोंबकळत राहिला. महेंद्रनं मोजा ओढून काढला तर चेंडू हाताला असा चिकटला की कितीही झटकला तरी सुटेना.

"घातला तर मिटत न्हाई, काढला तर उघडत न्हाई. लय हुशार हाय तुझं मशीन."

"कंपनीला सांगतो. अपडेट येतं रं."

"कशाचं अपडेट? बोटांचं?"

तेवढ्यात दोन पोरं आत आली. कॅमेऱ्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं, रिमोट उचलले आणि जुन्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली.

"बघ," महेंद्रचा आवाज चढला. "ज्याला धरता येतंय त्यो सोडत न्हाई. ज्याला येत न्हाई त्याला हे घेत न्हाई. मग आणलंस कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," रविराज वायर सरळ करत म्हणाला. "दुसरं कोण हाय?"

महेंद्रनं हातातला मोजा उलटासुलटा केला, मग दातांनी धरून पुन्हा चढवला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. पडद्यावर बाहुला उभा राहिला. महेंद्रनं उजवा हात वर केला. बाहुल्यानंही केला.

आतापर्यंत चेंडूच्या नादात त्यानं नीट बघितलंच नव्हतं. बाहुल्याच्या पंजाला पाच बोटं होती. लांबसडक, मोकळी.

"दादा, आमचा नंबर हाय," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"थांब रं," महेंद्र म्हणाला, आणि हात तसाच वर धरून उभा राहिला.